बरडॉक: संशोधन कशावर झालंय आणि पाकिटात काय येतंय?

गोदातीर (नाशिक)

सध्या आमच्या गंगापूर रोडला सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींमध्ये बरडॉकच्या पावडरचं मोठं प्रस्थ आहे. गुडघे, साखर, त्वचा, 'रक्तशुद्धी' आणि थेट कॅन्सर, सगळ्यावर एकच पाकीट. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या मजकुरात 'जपानी शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय' हे वाक्य हमखास असतं. वनौषधींची ओळख आणि तपासणी हा विषय मी अनेक वर्षं शिकवला आहे, म्हणून मूळ शोधनिबंध काढून वाचले. ते सविस्तर मांडतो, कारण यातली अर्धी माहिती खरी आहे आणि तिच्याच आधारावर उरलेली अर्धी विकली जाते आहे.

आधी वनस्पती. आर्क्टियम लाप्पा, सूर्यफुलाच्या कुळातली, मूळची युरोप-आशियाच्या थंड भागातली. आपल्या देशात काश्मीर-हिमाचलकडे उंचावर सापडते. आयुष्य दोन वर्षांचं. पहिल्या वर्षी जमिनीलगत मोठ्या पानांचा झुबका आणि खाली लांबलचक सोटमूळ. दुसऱ्या वर्षी दांडा वर येतो, जांभळी फुलं येतात आणि आकड्यांची गोल बोंडं धरतात. स्विस अभियंता जॉर्ज द मेस्त्राल यांनी १९४१ मध्ये कुत्र्याच्या केसांत अडकलेली हीच बोंडं सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली आणि त्यातून पुढे वेल्क्रो आलं.

आता मुद्द्याचं. या झाडाचं मूळ आणि बी यांत वेगवेगळी द्रव्यं आहेत. मुळात मुख्यतः इन्युलिन, म्हणजे एक न पचणारा तंतू. वाळलेल्या मुळाचं पाव ते जवळपास निम्मं वजन त्याचंच असू शकतं. सोबत क्लोरोजेनिक आम्लासारखी पॉलिफेनॉल्स. बियांमध्ये मात्र आर्क्टिइन नावाचं लिग्नान भरपूर असतं. पोटात गेल्यावर आतड्यातले जिवाणू त्यातला साखरेचा भाग तोडतात आणि आर्क्टिजेनिन मोकळं होतं. कॅन्सरच्या संदर्भात ज्याचं नाव घेतलं जातं ते हे आर्क्टिजेनिन.

त्याची गोष्ट खरोखर विलक्षण आहे. स्वादुपिंडाच्या गाठीत रक्तपुरवठा तुटपुंजा असतो, तरी तिथल्या पेशी उपाशी राहून तग धरतात. २००६ मध्ये एका जपानी गटाने उलटा विचार केला: पेशी मारणारं औषध शोधण्याऐवजी त्यांची ही उपासमार सोसण्याची ताकद काढून घेणारं द्रव्य शोधायचं. चाळणी लावल्यावर आर्क्टिजेनिन हाती लागलं. अन्न काढून घेतलेल्या पेशी त्याने मेल्या. पोषण मिळत असलेल्या पेशींना फारसा धक्का लागला नाही. उंदरांमधल्या गाठींची वाढही मंदावली.

मग माणसांवर पहिल्या टप्प्याची चाचणी झाली, २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. जीबीएस-०१ हा बरडॉकच्या फळांचा (आपण ज्याला बी म्हणतो, तेच वनस्पतीशास्त्रात फळ) अर्क, आर्क्टिजेनिनचं प्रमाण मुद्दाम वाढवलेला. रुग्ण १५, सगळे स्वादुपिंडाच्या कॅन्सरचे आणि जेमसिटाबिन या केमोच्या औषधाला दाद न देणारे. डोस रोज १२ ग्रॅमपर्यंत नेला, गंभीर विषबाधा दिसली नाही. एका रुग्णाची गाठ लहान झाली, चौघांची स्थिर राहिली. रोग न वाढता गेलेला मध्यक काळ १.१ महिना, जगण्याचा मध्यक काळ ५.७ महिने. इतक्या कठीण रुग्णांमध्ये एकाची गाठ लहान होते ही दखल घेण्यासारखी गोष्ट आहे. पण पहिल्या टप्प्याची चाचणी डोस किती सोसतो हे ठरवायला असते. तुलनेसाठी दुसरा गट त्यात सहसा नसतो.

आता आपल्या हातातलं पाकीट उलटून बघा. त्यावर लिहिलेलं असतं 'मुळाची पावडर'. म्हणजे चाचणी बियांच्या अर्काची, तीही कारखान्यात एका द्रव्यासाठी घट्ट केलेल्या, आणि विक्री मुळाच्या भुकटीची. दोन्हींवर नाव एक, चित्र एक. मला सगळ्यात जास्त हे खटकतं.

मृण्मयी_इंदिरानगर

काका, फार उपयुक्त धागा. वाचनखूण साठवली. सासूबाईंचे गुडघे खूप दुखतात. त्यांना नणंदेने हीच पावडर पाठवली आहे. सोबतच्या कागदावर गुडघ्यांवरच्या एका चाचणीचा उल्लेख आहे. ती तरी मुळाची आहे का?

गोदातीर

हो ताई, ती मुळाचीच आहे, आणि म्हणूनच ती मला जास्त कामाची वाटते. इराणमधली, २०१६ ची. गुडघ्याची झीज असलेले ५० ते ७० वयाचे ३६ रुग्ण. निम्म्यांना मुळाचा चहा: दोन ग्रॅम मूळ, दीडशे मिली उकळतं पाणी, दिवसातून तीन कप, ४२ दिवस. उरलेल्यांना नुसतं उकळलेलं पाणी. चहावाल्यांच्या रक्तात इंटरल्युकिन-६ आणि सीआरपी हे दाह दाखवणारे घटक उतरले, अँटिऑक्सिडंट क्षमता वाढली.

दोन गोष्टी मात्र लक्षात घ्या. दोन्ही गटांना पॅरासिटामॉल आणि ग्लुकोसामाइन चालूच होतं, म्हणजे चहा हा जोड होता, पर्याय नव्हता. आणि आपण चहा पितोय की पाणी हे प्रत्येक रुग्णाला कळत होतं. रक्ताच्या आकड्यांवर याचा परिणाम कमी होतो, पण दुखणं किती कमी झालं याच्या उत्तरावर नक्की होतो. सासूबाईंना चालू गोळ्या बंद करायला लावू नका. त्यांना साखर, मूत्रपिंड किंवा रक्त पातळ करण्याचं औषध असं काही आहे का?

मृण्मयी_इंदिरानगर

साखर आहे. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू आहे.

गोदातीर

मग पाकीट घेऊन त्यांच्या डॉक्टरांकडे जा. ग्लिमेपिराइडने साखर खाली जाऊ शकते, त्यात कुठलीही 'साखरेवरची' वनस्पती परस्पर जोडू नये. मधुमेहावरचं बरडॉकचं बहुतेक काम उंदीर-घुशींवरच आहे. आणि वर सांगितलेल्या बियांच्या अर्काच्या चाचणीत काही रुग्णांची रक्तातली साखर वाढल्याची नोंद आहे. कुठल्या भागाने कुणाच्या शरीरात काय होईल हे पाकिटावरून कळत नाही.

चैत्रबन

मला हा सगळा प्रकार नवीन आहे. पण पैसे देऊन पावडर कशाला? ही बोंडं आपल्याकडे ढिगाने आहेत की! नांदूर मधमेश्वरला पक्षी बघायला गेलो की पँटला चिकटून घरापर्यंत येतात. गंगापूर धरणाचं पाणी उतरलं की काठावर तर रानच माजतं. आमच्या ओळखीतले एक गृहस्थ त्याच्या बिया उकळून प्यायचं म्हणत होते.

रानवाट_अंजनेरी

चैत्रबन, कृपा करून त्या गृहस्थांना आजच फोन करा.

तुम्ही म्हणताय ते बरडॉक नव्हे. ते शंकेश्वर, झँथियम. काही भागांत लांडगा किंवा घागरा म्हणतात. कूळ तेच, चिकटण्याची युक्ती तीच, पण झाड वेगळं आणि विषारी. मी गेली अनेक वर्षं नाशिक परिसरातल्या वनस्पतींच्या नोंदी करतो. अंजनेरी, ब्रह्मगिरी, गोदाकाठ इथे मला रानात उगवलेलं बरडॉक कधी दिसलेलं नाही. शंकेश्वर मात्र प्रत्येक पाणथळ पडीक जागी आहे.

फरक हातात घेऊन बघण्यासारखा आहे. शंकेश्वराचं बोंड लांबट, बोराच्या आठळीपेक्षा थोडं मोठं, टणक, आणि टोकाला दोन जाड चोची पुढे आलेल्या. अंगभर आकडे. चाकूने उभं कापलं तर आत दोन कप्पे आणि प्रत्येकात एक बी. पान खरबरीत, तीन खंडांचं, कडा दातेरी. झाड एका वर्षात संपतं. बरडॉकचं बोंड गोल, चोची नाहीत, आत बारीक बिया पुष्कळ आणि डोक्यावर जांभळ्या फुलांचा झुपका. पान हृदयाच्या आकाराचं, खालचं चांगलं हातभर लांब, मागून पांढरट लव असलेलं.

शंकेश्वराच्या बियांत आणि कोवळ्या रोपांत कार्बॉक्सिअॅट्रॅक्टिलोसाइड नावाचं विष असतं. पेशींमध्ये ऊर्जा तयार होते तिथली देवाणघेवाणच ते अडवतं. साखर कोसळते, यकृत निकामी होतं. २००७ च्या नोव्हेंबरमध्ये बांगलादेशात सिल्हेट भागात पुरानंतर भाज्या महागल्या, तेव्हा लोकांनी याचीच कोवळी रोपं भाजी म्हणून खाल्ली. ७६ जण आजारी पडले, त्यातले १९ दगावले. बहुतेक गोरगरीब, मुलंही होती.

चिनी वैद्यकात याची फळं भाजून, ठरलेल्या पद्धतीने शुद्ध करून वापरतात, हे कुणीतरी इथे लिहीलच, म्हणून आधीच सांगतो: ती प्रक्रिया घरच्या गॅसवर करायची नाही.

चैत्रबन

बापरे. फोन केला. त्यांनी पिशवीभर गोळा करून गच्चीवर वाळत घातली होती. प्यायला सुरुवात केलेली नव्हती. त्यांना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला, कापून बघितल्यावर आत दोनच बिया निघाल्या. सगळं टाकून दिलं. रानवाट दादा, मनापासून आभार.

सातपूरकर

सगळ्यांचा आदर ठेवून वेगळं मत मांडतो. चीन-जपानमध्ये शेकडो वर्षं लोक हे वापरताहेत. झाडाचं पेटंट घेता येत नाही, म्हणून मोठ्या चाचण्यांवर कुणी पैसा घालत नाही. पुरावा नाही म्हणजे गुण नाही असं कसं म्हणायचं? कॅनडातल्या एका नर्सबाईंनी बरडॉक घातलेल्या काढ्याने कॅन्सरचे किती तरी रुग्ण बरे केले, हेही वाचलंय.

गोदातीर

सातपूरकर, पैशाबद्दल तुमचं म्हणणं रास्त आहे. छत्तीस रुग्णांच्या चाचणीवर गाडी अडते त्याचं एक कारण तेच आहे. पण परंपरेकडेही नीट बघू. चिनी वैद्यकात बरडॉकचं बी घसादुखी, ताप, पुरळ यांसाठी इतर द्रव्यांबरोबर देतात. काम्पो या जपानी पारंपरिक वैद्यकात इसबासाठीच्या शोफूसान या योगात ते आहे. मूळ तर जपानात भाजी म्हणून खातात. म्हणजे परंपरेनेही बी आणि मूळ वेगळं ठेवलं, कारण आणि मात्रा ठरवून दिली. 'रोज दोन चमचे, सगळ्या रोगांवर' हे त्या परंपरेत कुठेच नाही.

कॅनडाच्या त्या नर्स म्हणजे रेने केस. १९२० च्या दशकापासून त्या हा काढा देत. स्वतःचं आडनाव उलटं लिहून त्याला एसिअॅक नाव दिलं. बरडॉकचं मूळ, शीप सॉरेल, स्लिपरी एल्मची साल आणि रेवंदचिनी अशी द्रव्यं. बाईंचा हेतू चांगला होता असंच मी मानतो, रुग्णांकडून त्या फी मागत नसत. पण १९७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग केंद्राने हा काढा उंदरांवर तपासला, गाठींवर परिणाम दिसला नाही. पुढे २००६ मध्ये स्तनाच्या कॅन्सरच्या रुग्ण स्त्रियांचा अभ्यास आला, त्यातही काढा घेणाऱ्यांची जगण्याची प्रत सुधारलेली नव्हती.

माझी तळमळ एवढ्यासाठीच आहे की नाशिकमध्ये आज चांगले कॅन्सरतज्ज्ञ आहेत, तरी पहिली गाठ कळल्यावर लोक काढ्यात महिने घालवतात. स्वादुपिंडाच्या कॅन्सरला महिने नसतात.

वैद्य_पंचवटी

आयुर्वेदाची बाजू थोडक्यात. द्रव्यगुण (औषधी द्रव्यांचा विषय) शिकताना हे द्रव्य आम्हाला नव्हतं. लोक 'आयुर्वेदिक' म्हणून मागायला येतात तेव्हा मी स्पष्ट सांगतो. रक्तदुष्टीसाठी आपल्याकडे मंजिष्ठा, सारिवा, निंब आहेत. त्यांची ओळख, मात्रा, अनुपान पिढ्यान्‌पिढ्या घोटलेलं आहे, आणि तीही रुग्ण बघूनच द्यायची.

एक मुद्दा राहिलाय आणि तो आपल्या भागासाठी फार महत्त्वाचा आहे. गाजरगवत याच कुळातलं. १९५० च्या दशकात पुण्याकडे पहिल्यांदा दिसलं आणि आता आपल्या प्रत्येक बांधावर आहे. निंदणी करणाऱ्या कितीतरी बायामाणसांचा त्याने हात-मान-चेहरा सोलवटून निघतो. या कुळातल्या एकाची अॅलर्जी असली की दुसऱ्याचीही उठू शकते. बरडॉकच्या लेपाने त्वचा भाजल्यासारखी झाल्याच्या आणि शिजवलेलं मूळ खाऊन तीव्र अॅलर्जी आल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. ज्यांना गाजरगवताचा त्रास आहे त्यांनी ही पावडर तोंडाला लावायचा 'फेसपॅक' तर मुळीच करू नये. माझ्याकडे तसे रुग्ण आले आहेत.

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनीही टाळावं.

निफाडकर

शेतकऱ्याचा प्रश्न. द्राक्षाला पर्याय म्हणून कुणी विदेशी भाज्या करतंय. हे मूळ आपल्याकडे होईल का? आमच्याकडे थंडी चांगली पडते.

रानवाट_अंजनेरी

निफाडकर दादा, मुळासाठी पहिल्याच वर्षी काढणी असते, त्यामुळे बी धरण्याइतकी लांब थंडी मिळाली नाही तरी चालेल. अडचण जमिनीची आहे. मूळ मीटरभर खाली जातं, त्याला खोल, भुसभुशीत, पोयट्याची माती लागते. आपल्या काळ्या चिकण जमिनीत ते वाकडं होईल, काढताना तुटेल. नदीकाठच्या गाळाच्या पट्ट्यात चार वाफे करून बघायला हरकत नाही. पण गिऱ्हाईक आधी ठरवा. पावडरवाल्यांच्या भरवशावर एकर घालू नका.

ओवी_योकोहामा

माहेर नाशिकरोड, आता जपानात. इथे याला गोबो म्हणतात आणि कुठल्याही भाजीच्या दुकानात मिळतो. दिसायला मातीने माखलेली काळपट काठी. सालं काढत नाहीत, चाकूच्या पाठीने नुसतं खरवडतात, कारण चव सालीजवळच असते. मग पेन्सिलला टोक काढावं तसे पातळ काप करून लगेच पाण्यात टाकायचे. हवा लागली की काळे पडतात. पाणी बघता बघता तपकिरी होतं. ते फार वेळ ठेवत नाहीत, चव आणि सत्त्व दोन्ही निघून जातं. गाजराबरोबर तिळाच्या तेलात परतून सोया सॉस, थोडी साखर, सुकी लाल मिरची. ही किन्पिरा गोबो. वास ओल्या मातीचा, चव किंचित गोडसर, दाताखाली कुरकुरीत.

माझ्या जपानी सासूबाई आठवड्यातून एकदोनदा करतात. पोट साफ राहतं म्हणतात. कॅन्सर बरा होतो असं त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही.

गोदातीर

ओवीताई, किती छान लिहिलंत. ते तपकिरी पाणी म्हणजे पॉलिफेनॉल्स. आणि पोट साफ राहणं हे इन्युलिनचं काम. लहान आतड्यात ते पचत नाही, मोठ्या आतड्यातले जिवाणू त्यावर वाढतात. १०० ग्रॅम कच्च्या मुळात साधारण ७२ कॅलरी, ३.३ ग्रॅम तंतू आणि ३०८ मिलिग्रॅम पोटॅशियम. भाजी म्हणून उत्तम.

इन्युलिनच्याच जातीचे तंतू (फ्रुक्टान) आपल्या कांद्यात आणि लसणात आहेत. लासलगाव आपल्या जिल्ह्यात असताना फक्त त्यासाठी कुणी महागडी पावडर मागवू नये, असं माझं स्वच्छ मत आहे. कच्चा कांदा ज्यांना वायू धरतो त्यांना या पावडरनेही पोट फुगेल, कारण तेच आहे.

मृण्मयी_इंदिरानगर

काल डॉक्टरांकडे जाऊन आलो. त्यांनी पावडर थांबवायला सांगितली आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा आकडा) व पोटॅशियम तपासलं. क्रिएटिनिन थोडं वाढलेलं निघालं. गुडघ्यांसाठी फिजिओथेरपी सुरू करायची आहे. एक विचारायचं राहिलं: पाकिटावर परवाना क्रमांक कुठेच दिसत नाही. 'शंभर टक्के नैसर्गिक' एवढंच आहे.

गोदातीर

तपासणी झाली हे फार चांगलं झालं. मूत्रपिंड थकलेलं असताना पोटॅशियमवाली कुठलीही पूरक पावडर विचारूनच घ्यायची.

पाकिटाबद्दल: खाद्यपदार्थ म्हणून विकलं तर त्यावर एफएसएसएआयचा १४ आकडी परवाना क्रमांक हवा. औषध म्हणून विकलं तर औषधाचा उत्पादन परवाना क्रमांक हवा. दोन्ही नसेल तर ते तोंडात घालू नका. यामागे अनुभव आहे. १९७८ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात बरडॉकच्या चहाने विषबाधा झाल्याची नोंद आली. दुकानातून घेतलेलं तयार पाकीट होतं. तोंड कोरडं पडणं, नजर धूसर होणं, डोळ्यांतल्या बाहुल्या मोठ्या होणं, भ्रम: सगळी लक्षणं अॅट्रोपिनची, म्हणजे बेलाडोना-धोतऱ्यातल्या विषाची. बरडॉकमध्ये अॅट्रोपिन नसतंच. नंतरही अशा नोंदी आल्या. बेलाडोनासारख्या धोतऱ्याच्या कुळातल्या वनस्पतीची मुळं खणताना किंवा वाळवताना मिसळली, तर दळल्यावर डोळ्यांना फरक कळत नाही. अखंड वाळलेलं मूळ असेल तर आम्ही सूक्ष्मदर्शकाखाली छेद घेऊन सांगू शकतो. पावडरमध्येही बरंच कळतं, पण त्याला प्रयोगशाळा लागते.

पाकिटाचे पुढचे-मागचे फोटो काढून ठेवा आणि अन्न व औषध प्रशासनाच्या नाशिक कार्यालयात लेखी तक्रार द्या. मजकूर हवा असेल तर मला व्यक्तिगत निरोप करा, मी लिहून देतो.

सातपूरकर

गोदातीर सर, माझ्याही घरी दोन पाकिटं आहेत. बघितली, एकावर क्रमांक आहे, दुसऱ्यावर नाही. तक्रारीत माझंही नाव घाला. पाकीट घेऊन येतो.

वैद्य_पंचवटी

शनिवारी सकाळी मी पंचवटीत दवाखान्यात आहे. ज्यांना तक्रारीवर सही करायची आहे त्यांनी दहानंतर यावं, पाकीट आणि बिल दोन्ही आणावं. बिल नसेल तर ऑनलाइन ऑर्डरचा स्क्रीनशॉट चालेल.